सीनाकाठची साधनाकुटी : सोलापूरच्या साधकांसाठी एक परीक्षण

प्राणायाम आणि ध्यान मन लावून करणाऱ्या माणसाला आज ना उद्या एकांताची गरज लागतेच. घरी पहाटेची बैठक जमते, तासाभराचा अभ्यासही होतो. पण नाडीशोधनाची, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटून-पालटून श्वास घेण्याची, आवर्तने वाढवायची, बंध (श्वासाबरोबर शरीराचे ठरावीक भाग आवळून धरणे) पक्के करायचे आणि त्यातून मनाला येणारी स्थिरता दिवसभर मोडू द्यायची नाही असे ठरवले, तर काही काळ घराबाहेर राहण्यावाचून इलाज नसतो. आमच्या योगवर्गात सोलापूरजवळ अशी जागा कुठे मिळेल हा विषय वारंवार निघतो आणि उत्तरादाखल लोणावळा, इगतपुरी, ऋषिकेश अशी लांबची नावेच पुढे येतात. यंदाच्या हिवाळ्यात मी दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना नदीच्या काठी, एका शेतातल्या साधनाकुटीत राहून आले. त्या जागेचे हे परीक्षण आहे. कुटीचे व गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण राहण्याच्या खोल्या दोनच आहेत आणि ती चालवणाऱ्या दांपत्याला जाहिरात नको आहे. शहरातील जुन्या योगशिक्षकांकडे चौकशी केली तर पत्ता मिळतो.

कुटीकडे वळण्यापूर्वी आसपासच्या इतर जागांबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्या पाहिल्याखेरीज या कुटीचे महत्त्व नीट कळत नाही. सोलापूर हे बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे गाव आहे. तळ्यातल्या मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे आणि त्यांनी स्थापन केलेली ६८ लिंगे शहराच्या भोवताली आहेत. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर नजर स्थिर करण्याची लिंगायत घरांतली नित्यपूजा हा त्राटकाचाच अभ्यास आहे आणि तो निष्ठेने करणारी वडीलधारी माणसे आजही जुन्या पेठांमध्ये भेटतात. म्हणजे साधना या मातीला नवीन नाही. असे असूनही साधकाला चार दिवस निवांत राहता येईल अशी सोय जिल्ह्यात फार थोडी आहे. याचे कारण उघड आहे: आपल्याकडची सगळी निवासव्यवस्था यात्रेकरूंसाठी उभी राहिली. यात्रेकरूला एका रात्रीचा निवारा, पहाटे गरम पाणी, दर्शनाची सोय आणि प्रसाद एवढेच हवे असते आणि अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर येथील भक्तनिवास ते काम चोख करतात. पण साधकाला नेमके याच्या उलट हवे असते. त्याला एकाच खोलीत, एकाच आसनावर, कोणाचीही ये-जा नसताना दीर्घकाळ बसायचे असते, आणि ज्या इमारतीत रात्री दोन वाजता गाड्या येतात व पहाटे बादल्यांचे आवाज सुरू होतात, तिथे ते साधत नाही. स्वामी समर्थांच्या वटवृक्षापाशी मन शांत होते, हा माझाही अनुभव आहे. परंतु गुरुवारी तिथे राहून कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखण्याचा, अभ्यास करता येईल असे मी कोणालाही सांगणार नाही.

भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल ही जागा मात्र मला अतिशय प्रिय आहे. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन प्राचीन मंदिरे, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख, उत्खननात सापडलेले ३५९ मुखांचे शिवलिंग, यांसाठी लोक तिथे जातात. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी, सभामंडपात भिंतीला पाठ न टेकता बसून पाहावे; दगडाचा थंडावा आणि दोन नद्यांमधली शांतता यांमुळे श्वास आपोआप लांबतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र वगळून दिवसभराच्या बैठकीसाठी याहून चांगली जागा मला जिल्ह्यात माहीत नाही, पण मुक्काम करून साधना करण्याची ती जागा नव्हे. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर अनुष्ठान करणारे साधक वर्षभर असतात, तरी तिथली रीत पारायण, प्रदक्षिणा आणि दुपारची माधुकरी यांची आहे. ज्यांना नामाचा अभ्यास करायचा आहे त्यांनी सोलापूर-विजयपूर लोहमार्गावरील निंबाळला अवश्य जावे. अलाहाबाद विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम तिथे आहे, १९५७ साली त्यांनी तिथेच देह ठेवला, आणि इंचगिरी संप्रदायाचे साधक त्या परिसरात आजही आपला नेम निष्ठेने करतात. ती परंपरा नामस्मरणाची असल्यामुळे तिथे जाऊन आपला वेगळा प्राणायाम चालवणे मला योग्य वाटत नाही.

विपश्यनेबद्दलही हेच म्हणावे लागते. इगतपुरीच्या धम्मगिरीपासून कोल्हापूर जिल्ह्यातील आळते येथील केंद्रापर्यंत सर्वत्र दहा दिवसांचे शिबिर विनाशुल्क असते, पहाटे चारला घंटा होते, आर्य मौन पाळावे लागते, आणि शिबिराच्या काळात जप, प्राणायाम किंवा अन्य कोणताही अभ्यास बाजूला ठेवण्याची स्पष्ट अट असते. ही अट योग्यच आहे, कारण दोन पद्धतींची सरमिसळ झाली की कशाचा काय परिणाम हे साधकालाही कळत नाही आणि शिकवणाऱ्यालाही. पण ज्याला प्राणशक्तीचाच अभ्यास पुढे न्यायचा आहे, त्याच्यासाठी ते शिबिर नाही, हे अर्ज भरण्याआधीच लक्षात घ्यावे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले लोणावळ्याचे कैवल्यधाम प्राणायाम शास्त्रशुद्ध शिकण्यासाठी उत्तम आहे आणि आपल्या पुणे-मुंबई गाड्यांच्या वाटेवरच लोणावळा येते. तिथे शिकावे आणि शिकलेले मुरवण्यासाठी एकांत शोधावा, असा क्रम मला पटतो. तीन दिवसांत कुंडलिनी जागृत करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका महागड्या निवासी शिबिराचाही अनुभव मी घेतला आहे. तिथे सकाळ-संध्याकाळ मोठ्या आवाजात संगीत लावून शेकडो लोकांकडून भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम, वेगाने करून घेतली गेली, कोणाचाही रक्तदाब विचारला गेला नाही, आणि माझ्या शेजारची एक बाई घाबरून थरथरू लागली तेव्हा तिला ‘शक्ती हलते आहे’ असे सांगण्यात आले. याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

साधनेची जागा कशी असावी याचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झालेला आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना या जागेचे सविस्तर वर्णन केले आहे: जिथे बसले की उठावेसे वाटत नाही, जिथे सहज आलेल्या माणसालाही तप करावेसे वाटते, जवळ निर्मळ पाणी आहे, लोकांची वर्दळ नाही, आणि एखादा मठ किंवा शिवालय आहे, अशी ती जागा. हठप्रदीपिका ही हठयोगाची जुनी पोथी याहून व्यवहारी आहे. उपद्रव नसलेल्या आणि अन्नधान्याची टंचाई नसलेल्या प्रदेशात, लहान दाराची, भोके किंवा खळगे नसलेली, शेणाने नीट सारवलेली, किडामुंगी नसलेली, बाहेर मंडप आणि विहीर असलेली कुटी असावी, असे ती सांगते. डोंगरदृश्य, धबधबा, जलतरण तलाव यांतले काहीही त्यात नाही. या कसोट्या घेऊन मी सीनाकाठी गेले.

कुटी नदीपात्रापासून वर, उंचवट्यावर आहे. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने काठच्या गावांची काय अवस्था केली हे सर्वांना माहीत आहे. त्या वेळी पाणी शेताच्या खालच्या बांधापर्यंत आले आणि तिथून उतरले, असे मालकांनी सांगितले. मालक म्हणजे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलले जाते आणि येणारे सगळे त्यांना अण्णा आणि अक्का म्हणतात. त्यांचे राहते घर साधकांच्या खोल्यांपासून हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर आहे. मध्ये लिंबाची दोन मोठी झाडे, बांधीव विहीर आणि एक लहानसे महादेवाचे देऊळ आहे.

दोन खोल्यांपैकी एक जुनी, धाब्याची आहे आणि या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला हाच की तीच खोली मागून घ्यावी. तिच्या भिंती हातभर जाडीच्या, दगड-मातीच्या आहेत आणि वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे माळवद आहे. दार इतके ठेंगणे आहे की आत जाताना वाकावेच लागते. पूर्वेला उंचावर एकच झरोका आहे, त्यातून सूर्योदयानंतर प्रकाशाचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडतो आणि हळूहळू खाली सरकत जमिनीवर येतो. सकाळची बैठक कधी संपवायची हे त्यावरून कळते, घड्याळ लागत नाही. जमिनीला शहाबादी फरशी आहे, ती थंडीत पायाला चटका देते. अक्का बसण्यासाठी धनगरी घोंगडी आणि वर चौपदरी घडी केलेली सोलापुरी चादर देतात. घोंगडीची लोकर खरखरीत, दाट आणि किंचित तेलकट असते, त्यामुळे खालचा गारवा वर येत नाही आणि मांडी घालून बराच वेळ बसले तरी घोटे दुखत नाहीत. घरच्या फोमच्या चटईपेक्षा हे आसन मला कितीतरी सरस वाटले. खोलीत बोललेले शब्द भिंती शोषून घेतात, आणि भ्रामरी प्राणायामातला भुंग्यासारखा गुंजारव मात्र छातीत आणि कपाळात स्पष्ट जाणवतो. दुसरी खोली नवी आहे, सिमेंटच्या विटांची आणि पत्र्याची. सकाळी ऊन चढले की पत्रा तडतडतो, दुपारी आत थांबणे कठीण होते, आणि फेब्रुवारीनंतर तिथे राहू नये असे मी स्पष्ट सांगते.

आता आवाजाविषयी, कारण एकांताची परीक्षा तिथेच होते. रस्ता लांब आहे, गावातला भोंगा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे अधूनमधून ऐकू येतो, त्याचा त्रास नाही. खरी अडचण शेतीच्या विजेची आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मध्यरात्रीनंतर आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू होतात, शेतकरी बॅटरी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, बाहेर पडतात, एकमेकांना हाका मारतात, कुत्री भुंकू लागतात, आणि पहाटे तीनची जी बैठक शहरातही शांत लाभते ती इथे लाभत नाही. पहिल्याच पहाटे मी अण्णांना याबद्दल विचारले.

“ताई, ह्या आठवड्यात लाइट रात्रीची आहे,” ते म्हणाले. “आमची मोटार मी बंद ठेवतो, पण शेजारच्याला कसं सांगणार? त्याचा गहू वाळून जाईल की.”

हे उत्तर मला पूर्ण मान्य आहे. ज्या शेतात आपण बसायला जातो ते कोणाच्या तरी पोटापाण्याचे शेत आहे, आणि तक्रार करण्यापेक्षा फोन करताना विजेची पाळी विचारून दिवस ठरवणे शहाणपणाचे. ऊस हंगामाचे तसे नाही. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यांवर लावलेली गाणी, आणि फडात तोडणी टोळ्यांची वर्दळ, हे सर्व साधारण मार्चपर्यंत चालते. कुटीपासून रस्ता लांब असला तरी शेजारच्या फडाला तोड आली की दोन-तीन दिवस शांतता राहत नाही.

इथे ऋतूचा प्रश्न येतो. प्राणायामाचा अभ्यास वसंतात किंवा शरदात सुरू करावा, असे हठयोगावरच्या घेरंडसंहितेत म्हटले आहे. सोलापुरात वसंत नावापुरताच असतो. होळीच्या सुमारासच ऊन भाजू लागते आणि पुढे पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा हवेत बंधांसह कुंभक किंवा भस्त्रिका करणे म्हणजे शरीराला विनाकारण ताप देणे आहे. शरद मात्र आपल्याकडे खरोखर साधनेचा असतो. नवरात्र संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस, कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर लोटणारी गर्दी या बाजूला येत नसल्यामुळे, सीनाकाठी अत्यंत शांत असतात. पाऊस उघडलेला असतो, हवा धुतलेली असते आणि ऊसतोड अजून सुरू झालेली नसते. मला हिवाळ्याचे दिवस मिळाले, पुढच्या वेळी मी शरदातले मागणार आहे.

जेवणाबद्दल मी विस्ताराने लिहिते, कारण अनेक चांगल्या जागा इथेच कमी पडतात. सोलापूरची शेंगाचटणी, कडक भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी यांवर माझाही जीव आहे, पण प्राणायामाच्या काळात तिखट, आंबट, तळलेले आणि शिळे वर्ज्य सांगितले आहे, आणि ते का सांगितले आहे हे एकदा जेवून लगेच बसलेल्या माणसाला पुन्हा समजावून द्यावे लागत नाही. अक्कांना हे पूर्ण ठाऊक आहे. सकाळी अकराच्या सुमारास मालदांडी ज्वारीची मऊ, ताजी भाकरी, त्यावर घरचे तूप, मुगाची पातळ आमटी, दुधी भोपळा किंवा दोडक्याची साधी भाजी आणि ताक असे जेवण असते. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी मऊ भात किंवा दूध-भाकरी. अभ्यासाच्या सुरुवातीच्या काळात दूध आणि तूप असलेले जेवण प्रशस्त असे हठप्रदीपिका सांगते, आणि अक्कांच्या ताटात ते कुठलाही ग्रंथ न उघडता आलेले आहे. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक भाग पाण्याने भरावा आणि चौथा मोकळा ठेवावा हा मिताहाराचा नियम पाळायला त्या मदत करतात, म्हणजे आग्रह करत नाहीत. महाराष्ट्रात यजमानीण आग्रह करत नाही ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे वाचकांना सांगायला नको. ज्यांना मौन पाळायचे आहे त्यांचे ताट झाकून ओट्यावर ठेवले जाते. चहा मागितल्याशिवाय मिळत नाही. लसूण-कांदा सांगितल्यास टाळतात.

दिवसाचे वेळापत्रक कुटीने ठरवलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने हेच तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. पहाट, मध्यान्ह, सायंकाळ आणि मध्यरात्र या चार वेळांचा अभ्यास ज्याला करायचा आहे त्याला तो करता येतो. ज्याला पहाटे बसून दुपारी नदीकाठी सावकाश चालायचे आहे त्यालाही कोणी अडवत नाही. शिबिरात घंटेप्रमाणे चालावे लागते आणि नवशिक्याला ते उपकारकही असते, पण प्राणाच्या अभ्यासात काही वेळा एखादी बैठक आपोआप लांबते आणि तिच्यानंतर तासभर नुसते पडून राहावेसे वाटते. त्या वेळी दारावर टकटक झाली तर सकाळभराचे काम वाया जाते. इथे तशी टकटक होत नाही.

मोकळीक आहे म्हणून मार्गदर्शन नाही असे मात्र नव्हे. शहरातील एक वयोवृद्ध योगशिक्षक एक दिवसाआड सकाळी येतात आणि ज्याला हवे असेल त्याच्याशी देवळाच्या पायरीवर बसून बोलतात. ते कोणालाही दीक्षा देत नाहीत, कोणाच्या चक्रांबद्दल विधाने करत नाहीत. झोप किती झाली, शौच साफ झाले का, भूक कशी आहे, डोके जड होते का, छातीत धडधड होते का, राग लवकर येतो का, इतकेच विचारतात, आणि उत्तरे ऐकून अभ्यास वाढवायचा की कमी करायचा ते सांगतात. पूरक (श्वास घेणे), कुंभक, रेचक (श्वास सोडणे) यांचे १:४:२ हे प्रमाण पुस्तकात वाचून लगेच धरू पाहणाऱ्यांना ते थांबवतात. आधी कुंभकाशिवाय १:२ प्रमाणात श्वास सोडणे महिनोन्महिने सहज झाले पाहिजे, रेचक करताना शेवटी धाप लागता कामा नये, आणि श्वास रोखताना चेहरा ताणला गेला तर त्या दिवशी कुंभक पुरे, अशी त्यांची शिस्त आहे. मी त्यांना मूलबंधाविषयी, म्हणजे ओटीपोटाखालचा भाग आवळून धरण्याविषयी, विचारले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिले आणि खांदे उचलले जात आहेत तोवर खालचा बंध लागलेला नाही एवढेच सांगितले. त्या एका वाक्यावर माझे पुढचे सगळे दिवस गेले, आणि ते सार्थकी लागले.

आंतरिक शक्तीच्या अभ्यासाबद्दल लोकांत जे कुतूहल आहे त्याला आदराने, पण स्पष्ट शब्दांत उत्तर देणारी जागा हवी असते. पाठीच्या कण्यात उष्णता जाणवणे, अंग हलके वाटणे, अचानक रडू येणे, प्रकाश दिसणे असे अनुभव दीर्घ अभ्यासात येऊ शकतात. ते आले म्हणून साधक पुढे गेला असे होत नाही आणि आले नाहीत म्हणून मागे राहिला असेही नाही. पण सलग झोप न येणे, धडधड, थरकाप, सतत भीती वाटणे ही लक्षणे दिसली तर अभ्यास ताबडतोब थांबवून जेवण, विश्रांती आणि चालणे यांकडे वळले पाहिजे आणि वैद्यकीय सल्ला घेतला पाहिजे. कुटीत पहिल्या दिवशीच हे सांगितले जाते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अपस्मार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर कुंभक आणि भस्त्रिका करू देत नाहीत. मानसिक आजारावर औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे आणि औषधे सुरू ठेवावीत, असा त्यांचा आग्रह असतो. ज्या महागड्या शिबिराचा मी वर उल्लेख केला तिथे यांतले काहीही विचारले गेले नव्हते, म्हणून मला या प्रश्नांची किंमत अधिक वाटते.

एकटी बाई म्हणून राहण्याबद्दल अनेक मैत्रिणी विचारतात, त्यांच्यासाठी थोडे लिहिते. खोलीला आतून मजबूत अडसर आहे, स्नानगृह आणि शौचालय खोलीला लागून नसले तरी पाच-दहा पावलांवर आहे आणि रात्री तिथे दिवा असतो. अक्का अंगणात झोपतात आणि त्यांची झोप जागी असते. मोबाइलला खोलीत रेंज नाही, विहिरीच्या कठड्यापाशी मिळते. घरी रोज एकदा खुशाली कळवायला तेवढे पुरते. पाळीच्या दिवसांत कोणतेही सोवळे-ओवळे पाळले जात नाही. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवीच, कारण शेतात साप-विंचू असतात. पाणी विहिरीचे असून क्षारयुक्त आहे, पिण्यासाठी ते गाळून, उकळून देतात, तरीही ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी आपली सोय करून जावे. अंघोळीसाठी चुलीवर तापवलेले पाणी मिळते.

राहणे आणि दोन वेळचे जेवण मिळून दिवसाला ८०० रुपये घेतात. शिक्षकांना काही द्यायचे असल्यास ते घेत नाहीत, महादेवापुढील पेटीत टाकायला सांगतात. तीन दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी खोली देत नाहीत, आणि सहलीच्या बेताने येणाऱ्यांना अण्णा नम्रपणे नाही म्हणतात. नव्याने आरंभ करणाऱ्यांनी आधी एखाद्या वर्गात किमान काही महिने अभ्यास करावा आणि मगच इथे यावे; रिकामा दिवस, फोन नाही, बोलायला कोणी नाही, अशा परिस्थितीत ज्याची रोजची बैठक बसलेली नाही त्याला दुसऱ्याच दिवशी घरची ओढ लागते. जोडीने येणाऱ्यांनी दोन्ही खोल्या स्वतंत्र घ्याव्यात असे मी सुचवेन. सोलापूरच्या एस.टी. स्टँडवरून गावापर्यंत बस आहे, पुढचा रस्ता पायी जाण्याजोगा आहे आणि सामान जास्त असल्यास अण्णा मोटारसायकल पाठवतात.

दुसऱ्या खोलीवरचा पत्रा काढून तिथेही माळवद घालायचे अण्णांच्या मनात आहे. लाकूड जमवलेले आहे, पांढरी माती शेतापासून जवळच मिळते, अडले आहे ते कारागिरापाशी, कारण तुळया बसवून माती नीट चोपणारे जुने गवंडी आता सहसा सापडत नाहीत आणि जे आहेत त्यांना स्लॅबच्या कामातून वेळ नाही. बार्शी, मंगळवेढा किंवा अक्कलकोट भागात असे काम अजून करणारा कोणी माहीत असेल, तर वाचकांनी आपल्या योगशिक्षकांमार्फत अण्णांपर्यंत अवश्य निरोप पोहोचवावा. होळीच्या आत काम झाले तर पुढच्या शरदात दोन्ही खोल्या साधकांना मिळतील.